जानूचं पाणी

होळी होऊन चार दिवस झाले तरी राई गावात सकाळी खाडीकडून धुकं येतच होतं. थंडी नव्हती, नुसती अंगाला चिकटणारी ओल. साडेपाचला अंबिकानं मागचं दार उघडलं तेव्हा समोरच्या नव्या टॉवरचे खालचे चार मजले गायब होते आणि वरचे मजले दिवे लावून हवेत लटकले होते. नळाला पाणी आलं होतं. तिनं पाइप पिंपात सोडला, गॅसवर चहा ठेवला, नवऱ्याच्या, हरिश्चंद्रच्या, डब्यासाठी दोन भाकऱ्या थापल्या. तो शाळेची बस चालवायचा, सहाला घर सोडायचा. तो गेला तसं सासूला, गोदूबाईला, उठवून तोंड धुवायला बसवलं. पिंप अजून भरायचं होतं. मग खिळ्यावरची कापडी पिशवी काढून अंबिका पायरीवर टेकली.

पिशवीत भरतकामाची बदकं होती. टीव्हीवर घालायला म्हणून काढलेली. टीव्ही भिंतीवर गेला, बदकं पिशवीत राहिली. सातातली साडेचार झाली होती. पिंप भरायला लागणाऱ्या वेळात पन्नासेक फुल्या व्हायच्या, त्यात एक चोच नाहीतर एक पाय.

अशी तिची कामं घरभर होती. फ्रिजवरच्या डब्यात उशीचे अभ्रे, चारातला दीड झालेला. गोदूबाईच्या दवाखान्याच्या पिशवीत, केसपेपर आणि गोळ्यांच्या पाकिटांसोबत, तुळशीवृंदावन. ते दवाखान्याच्या रांगेतच वाढायचं. म्हातारीचं ब्लडप्रेशर चढलं की तुळशीला पानं फुटायची. एक काम संपवून दुसरं घे असं हरिश्चंद्र म्हणायचा. तिचं उत्तर ठरलेलं, "मना जिथं बसाला मिलतं तिथं हाताशी कायतरी पायजे. उठून आनाला गेले तर बसनाच होत न्हाय."

चौथं काम जानूचं होतं.

जानू तिची धाकटी जाऊ. एकाच घराला मधे भिंत घालून दोन चुली झालेल्या, ओटा मात्र एकच. त्या ओट्यावर दोघी एकवीस वर्षं दुपारच्या बसल्या. मॅटीचं कापड, म्हणजे विणीतच बारीक चौकोन उठलेलं जाड कापड, मांडीवर घ्यायचं. चौकोनावर एक तिरका टाका, त्यावर उलटा तिरका टाका, झाली फुली. अशा हजारो फुल्या झाल्या की लांबून मोर दिसतो, गणपती दिसतो. दोघी भाईंदरला महिला मंडळाच्या वर्गात शिकल्या होत्या. जानू डावरी. वर्गातल्या बाईंनी तिला सुई उजव्या हातात धरायला लावली. दोन दिवस तिनं धरली, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाई, आधी तुमी डाव्यानं करून दाखवा, मंग मी उजव्यानं करते." बाईंनी पुन्हा तिचं नाव घेतलं नाही.

मार्गशीर्षात जानूला कावीळ झाली आणि अकरा दिवसांत ती गेली. तिची मुलगी रुचिता सव्वीस वर्षांची, मीरा रोडला एका लॅबमध्ये रक्त घ्यायच्या टेबलावर. तिचं घोडबंदरच्या मुलाशी ठरलं होतं. जाणते म्हणाले, वर्षाच्या आत करून टाका, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल. एप्रिलच्या शेवटची तारीख धरली.

रुखवतात ठेवायला जानूनं एक होडी काढायला घेतली होती. धर्माजीची, तिच्या नवऱ्याची, होडी. खरी होडी विकून धर्माजी पेणकरपाड्यातल्या एका सोसायटीत वॉचमन झाला त्याला सहा वर्षं झाली. जानूनं चौकटीच्या वहीत ती आठवणीनं काढली, शीड, सुकाणू, सगळं. आणि सुरुवात केली ती पाण्यापासून, खालच्या उजव्या कोपऱ्यातून. धर्माजी हसला होता, "अगो, आधी होडी काढ."

"आनि पान्याशिवाय ठेवू कुठं तिला? तुमच्या डोक्यावर?"

अर्धं पाणी करून ती गेली. तेराव्याला सगळे जेवून उठल्यावर रुचितानं ते कापड सुईसकट आणून अंबिकाच्या मांडीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी जानूची सुई जिथं टोचलेली होती तिथून अंबिकानं पुढं पाणी भरायला घेतलं.

अंबिका रडली नव्हती. स्मशानातून माणसं आली तेव्हा नाही, दहाव्याला नाही. गावातल्या बायका म्हणायच्या, धक्का बसलाय, एक दिवस येईल बाहेर. तिला वाटायचं, येईल. वाट बघण्याइतकंही तिला त्याचं काही नव्हतं. ती उठायची, पाणी भरायची, मासळी साफ करायची, म्हातारीला न्हाऊ घालायची, फुल्या घालायची. होळीपर्यंत उरलेलं पाणी झालं, होडीचं धडही झालं. शीड राहिलं.

त्या सकाळी साडेसातला धुकं उठलं आणि ओट्यावर तिरपं ऊन आलं. अंबिकानं जानूचं कापड हवा लागावी म्हणून दोरीवर टाकलं होतं. रुचिता लॅबला निघाली होती, खांद्याला बॅग, हातात अर्धा चहा.

"काकी, हे पाणी दोन रंगांचं का दिसतंय?"

"दोन कुठं? धागा एकच हाय."

"ये ना इकडे. इथून बघ."

अंबिका तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली. खरंच. डावीकडचं पाणी लखलखत होतं आणि उजवीकडचं मुकं होतं. मधे रेघ ओढावी तसा सांधा. दोन पावलं सरकलं की उलटं. उजवं पेटायचं, डावं विझायचं.

"तुजी आई डावरी," अंबिका म्हणाली. "माजा वरचा टाका उजवीकडं झुकतो, तिचा डावीकडं. ऊन तसा पडतो."

"एवढ्याशानं?"

"एवढ्याशानंच."

रुचितानं चहा संपवला. "काकी, रागावू नको हां. पण असं जोड दिलेलं वाटतंय. सगळं आईसारखं करता येईल का? म्हणजे तुझं काढून तिच्यासारखं. सासरची चारशे माणसं बघणार. आईनंच केलंय असं दिसलं पाहिजे."

दारातल्या खुर्चीवरून गोदूबाई बोलली, "तीन महिने केला तो उसवाचा? हिला काय धंदा न्हाय दुसरा?"

"आजी, मी काकीला विचारतेय."

"करते," अंबिका म्हणाली.

तिला ते वाईट वाटलं नाही. बरंही वाटलं नाही. उसवायला बसायचं तर कात्री कुठाय, एवढंच तिच्या मनात आलं.

मंगळवारी गोदूबाईचा दवाखाना. केसपेपरची रांग, मग वजनाची, मग डॉक्टरची. अंबिकानं तुळस घरी ठेवून जानूचं कापड घेतलं होतं. कापड आडवं लांब, मळू नये म्हणून तिनं त्याच्या दोन्ही कडा दोन जुन्या लाटण्यांवर गुंडाळल्या. त्या बाकावर कोपर हलवायला जागा नव्हती. शेजारची बाई मांडीवर पोर घेऊन बसलेली, दुसऱ्या बाजूला म्हातारी. लाटणी डावी-उजवी धरली की त्यांच्या पोटात जायची. म्हणून अंबिकानं ती फिरवून घेतली, एक पोटाशी, एक गुडघ्यापाशी. मधे उघडा राहिला तो नुसता निळा पट्टा. निळ्यात निळा. होडीचं तपकिरी एका कडेला घडीखाली गेलेलं.

उजवीकडे झुकलेली ती आपली. एवढंच धरून तिनं कात्रीचं टोक घातलं.

उसवायचं काम घालायच्या कामापेक्षा सोपं. मोजायला लागत नाही. मागून धागा कापायचा, पुढून सुईच्या टोकानं उचलायचा, ओढायचा. प्रत्येक तुकडा वळणं घेऊन बाहेर यायचा, जिथं जिथं वाकला होता तिथं तिथं वाकलेलाच. ते तुकडे ती गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटात कोंबत होती.

"काय बाहेर काढतेस ता?" गोदूबाईनं विचारलं.

"पानी."

"कोनाचा?"

"माजाच."

म्हातारीनं मान डोलावली आणि रांगेत पुढं कोण घुसतंय यावर डोळा ठेवून बसली.

घरी आल्यावरही तिनं कापड तसंच मांडीवर घेतलं, लाटणी तशीच, कारण हाताला तसं बसलं होतं. बुधवारी दुपारपर्यंत संपवून टाकलं. पाकिटातले धागे कोळंबीच्या सालांसोबत बादलीत गेले. गुरुवारी सकाळी कचऱ्याची गाडी आपलं गाणं वाजवत आली आणि बादली रिकामी करून गेली.

मग अंबिकानं नवीन सुरुवात करायची म्हणून लाटणी सोडवली आणि कापड जमिनीवर सरळ पसरलं.

डावीकडचं पाणी जागेवर होतं. उजवी बाजू पांढरी.

आधी तिला वाटलं, कापड उलट पडलंय. तिनं खाली वाकून फुल्या बघितल्या. वरचा टाका उजवीकडे. म्हणजे ह्या आपल्या. मग उसवलं ते काय? तिनं कापड आडवं फिरवलं, दवाखान्यात धरलं होतं तसं. त्याच फुल्या आता डावीकडे झुकल्या. पुन्हा सरळ केलं, उजवीकडे. पुन्हा आडवं, डावीकडे. फुलीला बिचारीला काय. ती आहे तशीच. कापड फिरलं की उजवीची डावी होते हे एकवीस वर्षं सुई धरून तिला कुणी सांगायला नको होतं. लहान पोरीला कळलं असतं.

खालच्या उजव्या कोपऱ्यात, जिथं कापड लाटण्याला घट्ट गुंडाळलेलं होतं, तिथं चार बोटं निळं राहिलं होतं. जानूनं सुरुवात केली होती ती जागा.

अंबिका उठून रस्त्यापर्यंत गेली. कचऱ्याची गाडी शेजारच्या मुर्धा गावाच्या दिशेनं निघून गेली होती, गाणंही ऐकू येत नव्हतं. शेजारचा रामू स्कूटर पुसत होता. "काय वयनी, कचरा राहिला काय?"

"न्हाय. गेला."

ती घरात आली. आता येईल बाहेर, असं तिला वाटलं. बायका म्हणतात ते. ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून थोडी उभी राहिली. काही आलं नाही. मग तांदूळ धुतले.

रात्री हरिश्चंद्र जेवायला बसला. पहिल्या घासाला थांबला. "कालवनात मीठ न्हाय."

"घ्या वरून."

"कालपन नव्हता."

"मंग काल पन घ्याचा वरून."

तो मिठाची वाटी ओढून जेवला.

निळा धागा आणायला ती शनिवारी भाईंदरला गेली. गुणवंतभाईचं दुकान जिन्याखालचं, एक माणूस उभा राहील एवढं. मागं छतापर्यंत लडी. त्यानं रंगाचा तुकडा बघितला न बघितला आणि हात वर करून बरोबर तीच लडी काढली.

"यही न बेन? कितना दूँ?"

"बारह."

"बारह! पूरा दरिया बनाओगे क्या?" तो हसला. "और वो लेफ्टवाली बेन कहाँ है? बहुत दिन से आई नहीं. उनको बोलो, वो मोरपंखी मँगवाया था न, आ गया है. मैंने बाजू में रखा है."

अंबिकानं पाकीट पिशवीत टाकलं. "घर पे है," ती म्हणाली.

"बोलना हां. दूसरे को नहीं देता मैं."

"बोलती हूँ."

ती राईच्या बसमध्ये बसली. आपण खोटं बोललो हे तिला मुर्ध्याच्या स्टॉपला लक्षात आलं. उतरून परत जावंसं वाटलं नाही.

घरी येऊन तिनं कापड घेतलं. डोक्यात काही ठरवलेलं नव्हतं. पांढरं होतं, ते भरायचं होतं. जानूसारखं भरायचं तर आधी दुसरी तिरकी घालायची, मग पहिली. हाताला सवय नाही, दर दहा फुल्यांना हात चुकत होता. चार ओळी झाल्या, दोन काढाव्या लागल्या. मग तिनं कापड आडवं केलं. मुद्दाम. आणि आपल्या नेहमीच्या हातानं, न बघता, सरसर घालत गेली. सरळ करून पाहिलं. वरचा टाका डावीकडे. जानूचा.

इतकं सोपं होतं ते.

मग ते वाढत गेलं, ती इतर कामं करत असताना. पिंप भरतानाच्या पन्नास फुल्या बदकांच्या हिश्शाच्या होत्या, त्या इकडे आल्या. दवाखान्यात दोनशे. म्हातारी दुपारी झोपली की शंभर, उठून पाणी मागेपर्यंत. गुढीपाडव्याला एकही नाही, पाहुणे होते. एकदा हरिश्चंद्रच्या गणवेशाचं बटण लावायला सुई घेतली आणि चुकून निळ्या धाग्यानं लावलं. तो आठवडाभर तसाच बस चालवत फिरला. अभ्र्यांच्या डब्यावर मुंग्या झाल्या, तो धुऊन उन्हात ठेवला, आत घ्यायला दोन दिवस लागले. रुचिता येता-जाता विचारायची, "काकी, कुठवर आलं?" अंबिका म्हणायची, "चाललंय." तेही खरंच होतं. खोटं असं काही ती बोलत नव्हती.

कधीकधी कापड उन्हात धरून ती बघायची. डावं लखलखायचं, उजवं मुकं. सांधा आधी जिथं होता तिथंच आला होता. जानू स्वतः आली असती तरी तिला कळलं नसतं. चार बोटांचा कोपरा आजूबाजूच्या निळ्यात इतका मिसळला होता की तो कुठं संपतो हे आता अंबिकालाही बोट लावून शोधावं लागायचं. आता आपलं डावीकडचं पाणी उसवलं आणि तेही आडवं धरून भरलं की झालं, रुचितानं सांगितलं होतं तसं. सगळं एकसारखं. सगळं आईचं.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी दुपारी रुचिता आली. दोन दिवसांनी फ्रेमवाल्याकडे द्यायचं होतं. डावीकडचं उसवायचं राहिलंच होतं, शीडही अर्धंच. अंबिकानं कापड ओट्यावर पसरलं. रुचिता गुडघ्यावर बसली आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बघत गेली. पंख्याचा आवाज येत होता. गोदूबाई खुर्चीत पेंगत होती.

"काकी, एक बोलू? राहू दे हे असंच."

"आता उसवनार होते मी."

"नको उसवू. मी चुकले तेव्हा. मला काय वाटलं सांगू, लॅबमध्ये सगळे माझे फोटो बघतात ना मोबाईलवर, त्यात मी याचा पण काढलेला. तर ती सान्वी, माझ्याबरोबरची, म्हणाली की हे वेगळं वेगळं आहे तेच भारी आहे. मग मला पण वाटलं, एकसारखं केलं तर आई कुठली आणि तू कुठली कळणारच नाही. आता कसं, मला हात लावून सांगता येतं." तिनं तळवा उजवीकडच्या पाण्यावर ठेवला, बोटं पसरून, रुग्णाच्या हातावर शीर शोधतात तसा हलका. "ही आई. ही एवढी सगळी."

अंबिका तिच्या हाताकडे बघत होती. अंगठा नेमका त्या ओळींवर होता ज्या तिनं गोदूबाईच्या एक्स-रेच्या रांगेत घातल्या होत्या.

गप्प बसणं कठीण नव्हतं. महिनाभर ती गप्पच होती. पोरीचा हात तिथं राहिला असता, लग्नात चारशे माणसांनी बघितलं असतं, मग घोडबंदरच्या कुठल्यातरी भिंतीवर ते लागलं असतं, आणि कधीतरी वाईट दिवशी रुचितानं तिथं असाच हात ठेवला असता. अंबिकाच्या फुल्यांवर, आई म्हणून.

"ती आई न्हाय," अंबिका म्हणाली.

"काय?"

"तुजा हात हाय ना, ती मी हाय. तुजी आई हा कोपरा." तिनं बोट लावलं. "हितपासून हितपर्यंत. चार बोटं."

रुचिताला कळेना. "मग आधी जे होतं ते? आईनं अर्धं केलेलं ना?"

"मी उसवला. कापड आडवा धरला होता. आडवा धरला का उलटा दिसता. मना वाटला माजा हाय." ती भाजीचा भाव सांगावा तशी सांगत होती. "मंग परत भरला. आडवा धरून. म्हनून तिच्यासारखा दिसतो."

"कधी?"

"होलीनंतरच्या मंगलवारी. दवाखान्यात. संपला बुधवारी."

"आणि धागे? ते काढलेले?"

"कचऱ्याच्या गाडीत गेले."

रुचितानं हात उचलला. कोपऱ्यावर चार बोटं ठेवली. बरोबर तेवढीच जागा. मग तीही काढली. "महिना झाला, काकी. मी रोज विचारत होते तुला."

"व्हय."

"रोज, येता-जाता. आणि तू म्हणायचीस, चाललंय."

"चालला होता."

"काकी!"

गोदूबाई त्या आवाजानं जागी झाली, पण तिनं सगळं ऐकलं असावं, कारण ती थेट अंबिकावरच घसरली. "सांगाचा काय होता गो तुना? पोर खुशीत होती. महिनाभर तोंड शिवून बसलीस, आनि आताच उसवाचा सुचला? लग्न पंधरा दिवसांवर आला."

"आजी, तू नको बोलू मधे."

"का नको? माजी सून होती ती पन. मीच तिला पयली सुई आनून दिली."

"गप बस ना गं आजी!"

म्हातारीनं तोंड फिरवलं. रुचितानं कापड उचललं, घडी घातली, कोपरा बाहेर राहील अशी. शीड अर्धंच, सुई लटकत होती. ती तिनं काढून ओट्यावर ठेवली. कापड छातीशी धरून ती भिंतीपलीकडच्या आपल्या दारात गेली आणि दार लागलं. तिच्यासाठी गॅसवर ठेवलेला चहा उकळून आटला.

अंबिका तिथंच बसली. भिंतीपलीकडून धर्माजीचा आवाज आला, मग रुचिताचा, मग धर्माजीचा. शब्द कळत नव्हते. एकदा काहीतरी पडलं, भांडं असावं. मग बराच वेळ नळ चालू होता. पोर रडत असेल तर नळ चालू ठेवते, तिला ठाऊक होतं. जानू पण तेच करायची. आता जाऊन दार वाजवावं का, असं तिच्या मनात आलं. वाजवून काय सांगणार? जे सांगायचं ते सांगून झालं होतं.

"चूक झाली, झाली," गोदूबाई हळू म्हणाली. "तू पन मानूसच हायस." अंबिकानं तिच्या पायावरची चादर सारखी केली.

पाचच्या सुमाराला रुचिता पुन्हा दारात आली. तोंड धुतलेलं, डोळे सुजलेले. हातात रिकामी वाटी.

"जवळा आहे का? बाबांना पाहिजे. आमचा संपला."

"हाय. निवडलेला न्हाय पन."

"दे तसाच. मी निवडीन."

"तू कशाला? बस."

रुचिता बसली नाही. चौकटीला टेकून उभी राहिली. अंबिकानं सुक्या मासळीचा डबा काढून वाटी भरली.

"ते रुखवतात नाही ठेवणार मी," रुचिता म्हणाली. "लोक हात लावतात."

"बरा."

"फ्रेम पण नको. कपाटात ठेवीन, माझ्याजवळ. पूर्ण नाही झालं तरी चालेल. शीड राहू दे."

"राहू दे."

"तू सांगितलं नसतंस ना..." रुचितानं वाटीतला जवळा बोटानं चाळवला, दोन कचऱ्याचे तुकडे काढून ओट्याखाली टाकले. "सांगितलंस तेव्हा मला इतका राग आलेला. अजून आहे."

"असू दे."

"मंगळवारी बांगड्या भरायला बाई येणारेय सकाळी. आईच्या जागी कोण बसणार, विचारत होती फोनवर." ती थांबली. "मी तुझं नाव सांगितलं. कालच सांगितलेलं."

अंबिकानं डब्याचं झाकण लावलं.

"तर ये मग. नऊला. आजीचा दवाखाना असेल तर पुढच्या वारी ने."

"येते."

रुचिता वाटी घेऊन गेली. तिच्या दाराची कडी या वेळी लागली नाही, दार नुसतंच लोटलेलं राहिलं.

ऊन ओट्यावरून उतरून रस्त्यावर गेलं होतं. डब्यात जवळा अजून बराच होता, रात्रीच्या जेवणाला लागणार होता. अंबिकानं सूप घेतलं, पाय लांब करून भिंतीला टेकली, दोन मुठी जवळा सुपात टाकला आणि शिंपल्यांचे तुकडे, काड्या वेचून बाजूला काढू लागली.